विकणे आहे : कॅमेरो, १९६९

मार्चच्या शेवटी, अंगणातला बर्फ जाऊन नुसता चिखल उरला होता, तेव्हा एका संध्याकाळी शेजारचे डायवाले आमच्या मागच्या दारात येऊन उभे राहिले. हातात वहीचा फाडलेला कागद. म्हणाले, "गाडी विकायची ठरवलीय. जाहिरात तू लिहून दे. मला चार शब्दांच्या पुढं जाता येईना."

कागदावर खरंच चारच शब्द होते. कॅमेरो, १९६९, चांगली चालते. कॅमेरो म्हणजे शेव्हरोले कंपनीची दोन दारांची गाडी.

डायवाले हे नाव मी ठेवलेलं. मोटारीचे पत्रे ज्या प्रेसमध्ये दाबून आकाराला येतात, त्या प्रेसच्या डाय, म्हणजे साचे, बनवण्यात त्यांची पस्तीस वर्षं गेली. कोल्हापुरात आमच्या गल्लीत माणसं धंद्यावरूनच ओळखली जायची. पंपवाले, गिरणीवाले, बंबवाले. अण्णांशी फोनवर बोलताना मी "आमचे डायवाले" म्हटलं की त्यांना पुढचं काही सांगावं लागत नाही. अण्णांचं स्वतःचं शिवाजी उद्यमनगरात लेथचं वर्कशॉप होतं, ऑइल इंजिनांचे सुटे भाग करायचे. मी तिथंच, लोखंडाच्या किसाच्या ढिगाशेजारी बसून गृहपाठ केला आणि पुढं मोटारींच्या ब्रेकवर काम करायला डेट्रॉइटला आले. इथं येऊन शेजारी मिळाला तोही लोखंडातलाच माणूस.

गाडी का विकायची, हे मी विचारलं नाही. त्यांच्या डाव्या गुडघ्याचं दुसरं ऑपरेशन हिवाळ्यात झालं होतं. ह्या गाडीचा क्लच जड आहे. मागच्या उन्हाळ्यात ती फक्त दोनदा बाहेर पडली, आणि दुसऱ्या वेळी परत आणून लावताना त्यांना दारातच थांबून पाय चोळावा लागला, ते मी स्वयंपाकघरातून पाहिलं होतं.

मी दीड पान लिहिलं. दुसऱ्या दिवशी ते पेन्सिल घेऊन आमच्या टेबलाशी बसले. पहिला शब्द खोडला तो 'दुर्मिळ'. "त्या एका वर्षाच्या मॉडेलच्या २,४३,०८५ गाड्या निघाल्या. ह्यात दुर्मिळ काय?" मग खोडला 'पूर्ववत केलेली'. म्हणाले, "पूर्ववत म्हणजे होती तशी. ही तशी नाही. इंजिन दुसरं, गिअरबॉक्स दुसरा, ब्रेक दुसरे, स्टेअरिंग दुसरं. खोटं लिहायचं नाही."

आणि एक शब्द मी लिहिला नव्हता, नुसता विचारला होता. एसएस. सुपर स्पोर्ट. ज्यांना ह्या गाड्यांचं वेड आहे त्यांना ही दोन अक्षरं काय आहेत ते माहीत असतं. मोठं इंजिन, खास बॉनेट, आणि आज बाजारात साध्या कॅमेरोपेक्षा कितीतरी जास्त किंमत. त्या अक्षरांची नवी पट्टी कोणालाही घरपोच मिळते. कारखान्याने १९६९च्या कॅमेरोला दिलेल्या नंबरावरून ती एसएस होती की नव्हती, हे कळतही नाही. डॅशबोर्डवर डाव्या कोपऱ्यात, काचेतून दिसेल अशी ह्या नंबराची पट्टी असते. १ म्हणजे शेव्हरोले, २४ म्हणजे आठ सिलिंडरची कॅमेरो, ३७ म्हणजे दोन दारांची बंद टपाची गाडी, ९ म्हणजे १९६९, आणि एन म्हणजे ओहायोतल्या नॉरवूडचा कारखाना. संपलं. एसएसचा तिथं पत्ताच नसतो, त्यामुळे साध्या गाडीला एसएसची पट्टी लावून विकणारे भरपूर. समोरून तशी दिसणारी गाडी पाहून मीही दहा वेळा फसले आहे.

डायवाल्यांची गाडी साधी. ३०७ घनइंची इंजिन, म्हणजे आपल्या भाषेत पाच लिटर, कंपनीच्या कागदावर २०० हॉर्सपॉवर, आणि दोनच गिअर असलेला ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. कारखान्यातल्या एखाद्या कारकुनाला किंवा शाळामास्तराला परवडेल अशी. "तशीच लिही," ते म्हणाले. "जन्माने साधी. पहिल्या ओळीत."

आमचं घर वुडवर्ड ॲव्हेन्यूपासून चार गल्ल्या आत आहे, आणि ह्या गाड्यांची गोष्ट त्या रस्त्याशिवाय सांगता येत नाही. डेट्रॉइटच्या नदीकाठापासून वायव्येला पाँटियाक गावापर्यंत जाणारा हा रस्ता. १९०९ साली ह्याच रस्त्यावर देशातला पहिला मैलभर लांबीचा काँक्रीटचा हमरस्ता झाला. साठच्या दशकात रात्री इथं सिग्नल ते सिग्नल शर्यती लागायच्या आणि त्यात कंपन्यांचे इंजिनिअरसुद्धा आपापल्या नव्या गाड्या घेऊन उतरायचे. रस्त्याच्या टोकाच्या त्या पाँटियाक गावाच्या नावाच्या कंपनीने १९६४च्या मॉडेलात मध्यम आकाराच्या गाडीत मोठ्या गाडीचं ३८९ घनइंची इंजिन बसवलं. जॉन डिलोरियन तेव्हा तिथला मुख्य इंजिनिअर. एवढं मोठं इंजिन एवढ्या गाडीत घालायचं नाही असा मालक कंपनीचा, जनरल मोटर्सचा नियम होता. म्हणून त्यांनी ते वेगळं मॉडेल न म्हणता जादा पैसे देऊन घ्यायची सोय म्हणून विकायला काढलं. तीच जीटीओ. पहिल्याच वर्षी ३२,४५० विकल्या गेल्या, आणि मग सगळ्यांनीच तो नाद धरला.

नाद फार टिकला नाही. १९७०चा हवा-प्रदूषणाचा कायदा आला, विमा कंपन्यांनी तरुण पोरांना न परवडणारे हप्ते लावले, १९७३ला अरबांनी तेल अडवलं. दहा वर्षांचासुद्धा काळ नाही. पण त्या दहा वर्षांत जे विशीत होते, ते आज ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी खुर्च्या टाकून वुडवर्डच्या कडेला बसलेले असतात. १९९५ साली फर्नडेल गावातल्या मुलांच्या फुटबॉल मैदानासाठी पैसे उभे करायला म्हणून जुन्या गाड्यांची ही मिरवणूक निघाली, आता तिला देशभरातून हजारो गाड्या येतात. मला ती पाहताना दसरा चौक आठवतो. कोल्हापूरच्या शाही दसऱ्याला छत्रपतींची मेबॅक मोटार येते. लहानपणी अण्णांच्या खांद्यावर बसून मी ती पाहायचे. तोफ, बँड, गर्दी, आणि त्यातून संथपणे येणारं ते भलंमोठं वाहन. तिला कोणी हात लावत नाही, नुसतं पाहायचं. वुडवर्डवर मात्र माणसं बॉनेट उघडून ठेवतात आणि अनोळखी पोरांना म्हणतात, ये, वाक, बघ आत.

डायवाल्यांनी ही गाडी १९९९ साली लॅन्सिंगकडच्या एका शेतातल्या गोठ्यातून आणली. मी त्यांच्या शेजारी राहायला आले २०११ला, त्यामुळे त्याआधीचं मी फोटोंत पाहिलं आहे. पहिला फोटो पाहून पोटात कालवलं. तळाचा पत्रा नाहीच, सीटच्या जागेतून गवत वर आलेलं. समोरच्या काचेखालची पोकळी, जिथं पाणी साचतं आणि जायला वाट राहत नाही, ती कुजलेली. मिशिगनमध्ये हे असंच होतं. हिवाळ्यात बर्फ वितळवायला रस्त्यांवर मीठ टाकतात, आणि ते मीठ कुठून येतं म्हणाल, तर डेट्रॉइट शहराच्याच पोटात, हजार फुटांहून खोल मिठाची खाण आहे. ज्या गावाने जगाला मोटारी दिल्या त्याच गावाखालचं मीठ त्या मोटारी खातं. डायवाले हे सांगताना दर वेळी जमिनीकडे बोट दाखवतात.

सुरुवातीला नोकरीमुळे वेळ नव्हता, म्हणून त्यांनी तळाचं काम एका वर्कशॉपला दिलं. गाडी चकाचक होऊन आली. दोन हिवाळ्यांनंतर मागच्या चाकावरच्या पत्र्याला फुगे आले. पत्रा खरवडला तर खाली गंज तसाच, त्यावर बोटभर जाडीची लांबी भरलेली. खड्डे बुजवायच्या ज्या लेपाला आपल्याकडचे पेंटर लांबी म्हणतात तीच. ते दुखणं त्यांच्या मनातून अजून गेलेलं नाही. त्या दिवसापासून दुसऱ्याला हात लावू दिला नाही. आज ह्या गाडीचा अख्खा नवा सांगाडा विकत मिळतो, दारं-बॉनेटसकट. नंबराची पट्टी तेवढी जुनी बसवायची की झाली गाडी तयार. डायवाल्यांनी तसं केलं नाही. जेवढं कुजलं तेवढंच कापलं, तेवढाच पत्रा घडवून डागला. ह्याला वेळ किती लागला असेल ते ज्याने एकदा तरी पत्र्याला वेल्डिंग करून पाहिलंय त्याला विचारा. पातळ पत्रा तापला की ओढला जातो, वळतो, मग ठोकून परत आणायचा.

मला त्यांनी हात फिरवायला शिकवला, ते मात्र सविस्तर सांगायला हवं. मागच्या चाकाच्या कमानीवरून एक धार निघते आणि पत्र्यावरून मागं सरकत विरून जाते. पुढच्या चाकालाही तशीच. वाऱ्याने ओढल्यासारखी रेघ. ही रेघ फक्त १९६९च्या कॅमेरोला आहे. त्या धारेखाली पत्रा सपाट दिसतो पण सपाट नसतो, किंचित फुगीर असतो, आणि तो फुगवटा सारखा नसला की ऊन पडल्यावर प्रतिबिंब मोडतं. त्यांनी मला डोळे मिटायला सांगितले. हाताखाली एक मऊ सुती फडकं ठेवलं. "फडक्याशिवाय कातडी पत्र्याला चिकटते, मग खोटं सांगते," म्हणाले. बोटं नाही, तळवा. लांब, एका दमात, पुढून मागे. तिसऱ्यांदा फिरवताना कुठंतरी काही तरी खाली गेल्यासारखं वाटलं. मी थांबले. त्यांनी त्या जागी पेन्सिलने गोल केला आणि खडूची पूड चोळून लाकडी ठोकळ्यावरचा पॉलिश पेपर मारला. पूड सगळीकडून गेली, त्या गोलात तेवढी राहिली. केसाएवढा खड्डा. प्रेसखालून दिवसाला हजारो पत्रे काढणाऱ्या माणसाने एका पत्र्यासमोर असे किती दिवस घालवले असतील.

रंगाचीही एक गोष्ट आहे. गोठ्यातून आली तेव्हा गाडी लालभडक होती. लालाखाली पांढरा, त्याखाली राखाडी, आणि डॅशबोर्डच्या आतल्या अंगाला, जिथं कोणी कधी पिचकारी मारली नाही तिथं, गर्द हिरवा. इंजिन आणि बैठकीच्या मधल्या पडद्यावरच्या छोट्या पट्टीवर रंगाचा आकडा होता ५७. फॅदम ग्रीन. खोल पाण्यासारखा हिरवा, उन्हात चमचमणारा. हे ऐकलं तेव्हा मला वणीची सप्तशृंगी आठवली. २०२२ साली देवीवरचा शेंदराचा लेप उतरवला आणि आतलं मूळ रूप दिसलं, तेव्हा आमच्या आत्याबाई फोनवर रडत होत्या. इतकी वर्षं आपण जे पाहून हात जोडत होतो, त्याच्या आत ही होती, म्हणत होत्या.

आता इंजिन. खरा वाद इथंच आहे.

जुनं ३०७ निघालं आणि त्या जागी एलएस३ बसलं. ६.२ लिटर, ४३० हॉर्सपॉवर, शेव्हरोलेच्याच २००८च्या कॉर्व्हेट ह्या स्पोर्ट्स गाडीबरोबर आलेलं. पेट्रोल फवारणारं, कॉम्प्युटरवर चालणारं, ॲल्युमिनियमच्या ब्लॉकचं. शुद्धतावाद्यांना हे पाप वाटतं. मला वाटत नाही, आणि त्याला कारण आहे. १९५५ साली शेव्हरोलेने आपलं पहिलं 'छोटं' आठ सिलिंडरचं इंजिन काढलं, त्यात दोन शेजारच्या सिलिंडरांच्या मध्यांमधलं अंतर ४.४० इंच होतं. एलएस३मध्येही ते ४.४० इंचच आहे. कॅमशाफ्ट अजूनही ब्लॉकच्या आत, व्हॉल्व्ह अजूनही सिलिंडरला दोनच, दांड्यांनी ढकलले जाणारे. हे परकं इंजिन नाही. नातू आहे तो. आजोबांच्या घरात राहायला आलाय.

आवाज मात्र थोडा बदलला, आणि ते डायवाले लपवत नाहीत. ह्या इंजिनांची ती गडगड येते कुठून, हे मला इथं आल्यावर कळलं. व्हीच्या दोन बाजूंना चार-चार सिलिंडर. आठही मिळून स्फोट सारख्या अंतराने होतात, पण एकाच बाजूचे चार ऐकले तर ते सारखे नसतात. कुठं दोन लगोलग, कुठं मधे लांब खंड, मग पुन्हा तसंच. दोन्ही बाजूंचा धूर वेगवेगळ्या नळ्यांतून जातो, म्हणून कानाला तो अडखळता ठेका ऐकू येतो, ढोलावर टिपरूचा आणि हाताचा ठोका वेगळा पडावा तसा. जुन्या इंजिनात पेटण्याचा क्रम १-८-४-३-६-५-७-२. नव्यात १-८-७-२-६-५-४-३. म्हणजे चार-सात आणि तीन-दोन ह्यांची अदलाबदल. एवढ्याने आवाज जरा वेगळा लागतो. वुडवर्डवर खुर्चीत बसलेले म्हातारे मान न वळवता सांगतात, ही जुनी, ही नवी. डायवाल्यांना तो जुना ठेका आवडायचा. मी विचारलं, मग बदललं का? म्हणाले, "मला ही रोज चालवायची होती. जानेवारी सोडून."

ताकद दुप्पट केली की बाकीचं सगळं मागं लागतं. ह्या गाडीला पूर्ण लांबीची चेसिस नाही. पुढचा सांगाडा बोल्टने जोडलेला, मागचा अंगाचाच. एवढ्या जोराने ती पिळवटते. म्हणून पुढून मागं दोन पोलादी नळ्या डागल्या. मागच्या पाट्यांच्या जागी स्प्रिंग आल्या. सहा गिअरचा हाताने टाकायचा गिअरबॉक्स आला. काचा विजेवर आल्या, एसी आला. आणि ब्रेकला माझी पाळी आली.

२०१४चा ऑक्टोबर. तोवर आमची ओळख कुंपणावरून बोलण्याएवढीच होती. एक दिवस त्यांनी विचारलं, तू ब्रेकवाली ना? गाडीला चारही चाकांना ड्रम होते. ड्रमचं दुखणं असं, की तापला की तो बाहेर फुगतो, लायनिंगपासून दूर जातो. पेडल जमिनीला टेकत जातं. डिस्क तापली तर पॅडच्या बाजूलाच जाड होते. ते म्हणाले, उन्हाळ्यात वुडवर्डवर लागोपाठ तीन सिग्नलला जोरात थांबावं लागलं, तिसऱ्याला पेडल होतं, ब्रेक नव्हता. हे त्यांनी अगदी शांतपणे सांगितलं आणि मला त्या रात्री झोप लागली नाही.

चारही चाकांना डिस्क बसवल्या. पण डिस्क बसवून काम होत नाही. थांबताना गाडीचं वजन पुढं झुकतं, मागची चाकं हलकी होतात. मागं जोर जास्त गेला तर तीच आधी जाम होतात आणि गाडी शेपूट फिरवते. आजच्या गाडीत हे कॉम्प्युटर सांभाळतो. १९६९च्या गाडीत आम्ही मागच्या नळीवर एक छोटा पितळी व्हॉल्व्ह बसवला, डोक्याला फिरवायची मूठ असलेला. रविवारी सकाळी सातला एका बंद कारखान्याच्या पार्किंगमध्ये गेलो. रिमझिम होती, जमीन ओली, आम्हाला तशीच हवी होती. ते चालवत होते, मी काँक्रीटवर खडूने रेघा मारत होते. ताशी चाळीस मैल, जोरात ब्रेक. पहिल्यांदा मागचं टोक माझ्याकडे आलं. मी मागं सरकले. त्यांनी उतरून मूठ अर्धा फेरा फिरवली. पुन्हा. पुन्हा अर्धा. सातव्या वेळी पुढची चाकं आधी धरली, मागची किंचित नंतर, आणि गाडी नाक खाली करून सरळ रेषेत थांबली. ते खाली उतरले आणि रेघेपाशी येऊन उभे राहिले. रेघ आणि चाक ह्यांच्यात वीतभर अंतर होतं. दोघांचे कपडे भिजून अंगाला चिकटले होते. त्यांनी खिशातून पेन्सिल काढली आणि त्या मुठीवर एक खूण केली. ती खूण अजून आहे.

गाडी विकायला निघाली हे मी अण्णांना त्याच रात्री फोनवर सांगितलं. त्यांनी फोटो मागवले, बराच वेळ पाहिले. मग मी माझ्या मनातला प्रश्न विचारला, की इतकं बदलल्यावर ही १९६९ची गाडी म्हणायची का. अण्णा म्हणाले, "अगं, आपल्या गल्लीतल्या म्हसोबाला फरशी बसवली, वर स्लॅब टाकला, ट्यूबलाइट लावली. म्हणून म्हसोबा दुसरा झाला व्हय?" थोडं थांबून म्हणाले, "पण जुना दगड कुठं टाकलाय ते विचार की. त्यावरनं माणूस कळतो."

आपल्याकडे जीर्णोद्धार म्हणजे काय काय होतं ते मी पाहिलंय. कोरीव चौकट निघते, तिथं गुळगुळीत ग्रॅनाइट येतं, आणि चौकट पिंपळाखाली उपडी पडलेली असते. कधी तीही नसते. कोणी नेली, कोणाला ठाऊक नाही. नवं बसवल्याचा मला राग नाही. देवळात पाणी गळत असेल तर स्लॅब टाकलाच पाहिजे. राग येतो तो जुन्याची नोंद न ठेवण्याचा.

माझा चुलतभाऊ मधे म्हणाला होता, घेऊन ये इकडे, उद्यमनगरात जपू. पण आपल्याकडच्या २०२१च्या नियमांत पन्नास वर्षांहून जुन्या गाडीला 'व्हीए' मालिकेचा व्हिंटेज नंबर मिळतो तो ती मूळ स्वरूपात असेल तरच. इंजिन, चेसिस, बॉडी बदललेली चालत नाही. नियम बरोबर आहे असं मला वाटतं. व्हिंटेज हा शब्द त्यांनी जपलाय. डायवाल्यांनीही तो जाहिरातीत घालू दिला नसता.

दुसऱ्या दिवशी मी अण्णांचा प्रश्न त्यांना विचारला. ते मला गॅरेजच्या मागच्या कोपऱ्यात घेऊन गेले आणि ताडपत्री बाजूला केली. लाकडी खोक्यात ३०७ बसलेलं. ऑइल चोपडलेलं, तोंडं चिंध्यांनी बंद केलेली. शेजारी दोन गिअरचा तो गिअरबॉक्स. फळीवर चारही ड्रम, पाट्यांचा जोड, कार्बोरेटर, जुना रेडिओ, आणि प्रत्येकाला सुतळीने बांधलेली पुठ्ठ्याची चिठ्ठी. चिठ्ठीवर पान नंबर.

पान नंबर कशाचा, तर वहीचा. जाड पुठ्ठ्याची, हिशेबाची वही. अण्णांची जॉबची लाल चोपडी अशीच होती. तारीख, काय काढलं, काय घातलं, किती तास, काढलेलं कुठं ठेवलं. मी ती रात्रभर वाचली. एका पानावर लिहिलंय : डावा मागचा पत्रा, ४१ तास. पुढच्या पानावर : तोच पत्रा पुन्हा काढला, मनासारखा नव्हता. आणखी ३६ तास. कुठं लांबी भरली, किती जाड, तेही आहे. ज्या वर्कशॉपने फसवलं त्याचं नाव नाही, फक्त "ह्याआधीचं काम माझं नाही" एवढंच. २०१४च्या ऑक्टोबरातल्या त्या रविवारी माझं नाव आहे, आणि समोर 'तीन फेरे'. पैशांची बेरीज शेवटच्या पानावर आहे. मागितलेली किंमत तिच्या निम्म्याहून थोडी वर होती. तासांचे पैसे त्यात धरलेलेच नाहीत.

मग मी दीड पान फाडलं आणि नव्याने लिहिलं. ह्या गाडीच्या जाहिरातीत काय बदललंय ते आधी आणि काय चांगलं आहे ते नंतर यायला हवं होतं. अण्णांना मराठीत वाचून दाखवली ती अशी :

"विकणे आहे. कॅमेरो, १९६९, नॉरवूडची. जन्माने साधी, ३०७, एसएस नाही. इंजिन, गिअरबॉक्स, ब्रेक, स्टेअरिंग, स्प्रिंगा बदललेल्या आहेत. रंग मूळ आकड्याचा, ५७, पण नव्याने दिलेला. तळाचा पत्रा हाताने घडवलेला. बदललेली प्रत्येक वस्तू जपून ठेवली आहे, ती गाडीबरोबर मिळेल. कामाची वही आहे, येऊन वाचावी. चांगली चालते."

शेवटचे दोन शब्द त्यांचे तसेच ठेवले.

तीन आठवडे फोन आले आणि गेले. कोणाला एसएस हवी होती, कोणाला मूळ इंजिनवाली, कोणी न बघता निम्म्यात मागितली. मेच्या पहिल्या शनिवारी फ्लिंटहून एक बाई आल्या, पन्नाशीच्या, शाळेच्या बसगाड्या दुरुस्त करणाऱ्या. बरोबर मुलगी, पिकअप चालवत. बाईंनी आल्या आल्या पुठ्ठा मागितला, जमिनीवर टाकला आणि गाडीखाली शिरल्या. वीस मिनिटं नुसता टॉर्चचा उजेड हलत होता. बाहेर आल्यावर खिशातून चुंबक काढला, त्याला रुमाल गुंडाळला आणि पत्र्यावरून सरकवत नेला. जिथं लांबी असते तिथं चुंबक ढिला पडतो. डाव्या चाकाच्या मागं तो जरा ढिला पडला. बाईंनी वर पाहिलं. डायवाले म्हणाले, "पान ६२." त्यांनी वही उघडली, वाचलं, मान हलवली. मग बाहेर ऊन आल्यावर त्यांनी रुमाल तसाच हाताखाली धरून तळवा त्या धारेवरून पुढून मागे फिरवला. डायवाल्यांनी माझ्याकडे पाहिलं.

किमतीत घासाघीस झाली नाही. दुपारपर्यंत क्रेन लावून ३०७ पिकअपच्या हौद्यात चढवलं. अडीचशे किलोंच्या आसपासचं ते धूड, दोरखंडांनी बांधताना मुलीने गाठी दोनदा तपासल्या. फळीवरचं सामान चिठ्ठ्यांसकट खोक्यांत भरलं.

डायवाल्यांची एक सवय होती. कार्बोरेटरच्या गाडीला सुरू करण्याआधी एक्सलेटर दोनदा दाबून पेट्रोल आत घ्यावं लागतं. एलएस३ला त्याची काही गरज नाही, किल्ली फिरवली की झालं. तरी दहा वर्षं रोज सकाळी मला आधी तो पेडलचा दोनदा खटका ऐकू यायचा आणि मग इंजिन. बाई सीटवर बसल्या, क्लच दाबला, किल्ली फिरवली. एका दमात सुरू झालं. दाराशी उभ्या असलेल्या डायवाल्यांच्या उजव्या बुटाचा चवडा काँक्रीटवर दोनदा खाली गेला.

हिरवी गाडी गल्लीच्या टोकाला वळली, ब्रेकचे दिवे लागले, नाक जरासं खाली झालं, सरळ.

संध्याकाळी ते पुन्हा मागच्या दारात. हातात कॉफीचा जुना पत्र्याचा डबा. फळीच्या मागं पडला होता, म्हणाले. आत काचा खालीवर करायच्या मूळ दांड्या, दोन दारांच्या आणि दोन मागच्या, आणि त्यांच्या पट्ट्या. मी डबा स्वयंपाकाच्या काट्यावर ठेवला. टपालासाठी वजन लिहून घेतलं. त्यांनी चिठ्ठी लिहून आत टाकली, झाकण दाबलं, मग पुन्हा उघडून चिठ्ठीवर पान नंबर घातला.